तुमच्या कार्याची सामायिक वही : कशी वापरायची

आमच्याकडे लग्न, मुंज, साठीशांत किंवा ऑफिसचा स्नेहमेळावा ठरवलात की बुकिंगच्याच दिवशी तुमच्या ईमेलवर एका गूगल शीटचं आमंत्रण येईल. आम्ही तिला वही म्हणतो. आचारी, मांडववाले, लाइटवाले, फोटोग्राफर, आमचा माणूस आणि तुमच्या घरचे, सगळे तीच वही बघतात. आचाऱ्याला फोनवर चारशे पानं सांगितली आणि खुर्चीवाल्याला मेसेजवर साडेपाचशे, असा घोळ मग होत नाही.

वहीतला मंगल कार्यालयांचा भाग सगळ्यात कामाचा. कार्य उरकलं की सामान टेम्पोत चढवण्याआधी आमचा माणूस तिथल्या नोंदी करतो. टेम्पो फाटकातून आत जातो का, स्टेजजवळ थ्री फेज आहे का, वधूपक्षाच्या खोलीत गीझर आहे की पाणी बाहेरून तापवून आणावं लागतं, हात धुवायला नळ किती. कार्यालयाच्या जाहिरातीत नुसतं ‘एसी हॉल’ छापलेलं असतं. एसी, गीझर आणि आचाऱ्याचा मोठा मिक्सर एकदम लागले की एमसीबी पडतो, हे वहीतच सापडेल. अशा ठिकाणी आम्ही आचाऱ्याला वाटण करूनच आणायला सांगतो.

पुण्यात डीपी रस्त्यावरचं लॉन बघताय आणि डोहाळजेवण जुलै-ऑगस्टमध्ये आहे? मग त्यापुढचा शेरा आधी वाचा. खडकवासल्यातून मुठेत विसर्ग वाढला की नदीपात्रातला रस्ता बंद होतो आणि पेठांतून निघालेले पाहुणे आरती झाल्यावर पोचतात.

आवाजाचंही तिथेच लिहिलं आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर स्पीकर चालत नाही. बंदिस्त सभागृहात, आवाज आतल्या आत राहणार असेल, तर चालतो. म्हणून लॉनवरच्या संगीताला आम्ही सातला सुरुवात धरतो. तुम्ही आठ लिहिलंत तरी शेरा मारणार. गाण्यांच्या परवान्याचं विचाराल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लग्नाला, वरातीसकट, सूट आहे. कंपनीच्या मेळाव्याला ती नाही.

तुमच्या कार्याच्या पानावर घरच्या दोघांनाच बदल करता येतात. बाकी नातेवाइकांनी बघावं आणि शेरा लिहावा. नियम जरा कडक आहे खरा, पण एका मामांना जिलबी हवी आणि दुसऱ्यांना गुलाबजाम, हा निकाल घरात लागलेला बरा. कोणत्या रकान्यात कोणी, कधी, काय बदललं ते शीटमध्ये दिसतंच. ज्यांना मोबाइलवर वाचायचा कंटाळा आहे अशा वडीलधाऱ्यांसाठी पान छापून देतो.

पाहुण्यांच्या आकड्याला तीन रकाने आहेत : बोलावलेले, येणार म्हणालेले आणि जेवणारे. पैकी तिसरा आम्हाला हवा. मुहूर्त साडेबाराचा असेल तर अक्षता पडल्या पडल्या सगळे एकदम जेवायला वळतात. गोरज मुहूर्ताला अर्धे चहा घेऊन निघतात. हा आकडा सात दिवस आधी पक्का करा. त्यानंतर तो रकाना कुलूपबंद होतो, कारण आचारी किराणा भरायला निघालेला असतो.

पाहुण्यांचे फोन नंबर वेगळ्या शीटमध्ये राहतात. ती तुम्ही दोघं आणि आम्ही एवढेच बघतो आणि कार्यानंतर ती पुसून टाकतो. कार्यालयाबद्दलच्या नोंदी मात्र पुढच्यांसाठी राहतात, तुमच्या नावाशिवाय.

वहीत नाही ते ठरलं असं आम्ही धरत नाही. फोनवर काही सांगितलंत तर आमचा माणूस ते लगेच भरतो. रात्री एकदा उघडून बघा. आणि गुरुजींची सामानाची यादी तेवढी लवकर टाका. ती हमखास आदल्या संध्याकाळी येते आणि त्या वेळी दर्भ शोधत फिरावं लागतं.