विद्यार्थी परिषद, तक्रार आणि आंदोलन : महाराष्ट्रातील विद्यापीठांची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील विद्यापीठांमध्ये आंदोलने ज्या कारणांवरून पेटतात ती फारशी बदललेली नाहीत. रखडलेले निकाल, शुल्कवाढ, वसतिगृहातील जागा आणि जेवण, वेळेवर न मिळणारी शिष्यवृत्ती हेच विषय पिढ्यान्‌पिढ्या निवेदनांत दिसतात. बदलत गेली ती या तक्रारी प्रशासनापर्यंत पोहोचण्याची वाट, आणि तिचा इतिहास पाहिल्याशिवाय आजच्या घेरावांचा अर्थ नीट लागत नाही.

1980च्या दशकात महाविद्यालयांचे ‘जीएस’ (जनरल सेक्रेटरी, म्हणजे विद्यार्थ्यांचे सरचिटणीस) आणि विद्यापीठ प्रतिनिधी मतदानाने निवडले जात, आणि राज्यातील अनेक नेते या निवडणुकांतूनच पुढे आले. त्याचबरोबर पैसा, पक्षांचा हस्तक्षेप आणि मारामाऱ्याही वाढत गेल्या. 1989 मध्ये मुंबईत एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला, तेव्हा या निवडणुका बंद कराव्यात या मागणीने जोर धरला. 1994च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुकांऐवजी गुणवत्तेवर आधारित नामनियुक्ती आणली. आधीच्या परीक्षेत वर्गात सर्वाधिक गुण मिळवणारा विद्यार्थी वर्गप्रतिनिधी ठरू लागला, त्याच्या जोडीला क्रीडा, सांस्कृतिक, एनएसएस आणि एनसीसीचे प्रतिनिधी प्राचार्य नेमत, आणि एवढ्याच मंडळींनी आपल्यातून विद्यार्थी परिषदेचा सचिव निवडायचा अशी पद्धत रूढ झाली. हिंसाचार रोखण्याचा हेतू रास्त होता. परंतु प्राचार्यांच्या नेमणुकीने आलेला प्रतिनिधी त्यांच्याच निर्णयाविरुद्ध वर्गाची बाजू मांडेल, ही अपेक्षा अवास्तव होती. विद्यार्थी संघटना थांबल्या नाहीत. प्रशासनाशी बोलण्याची अधिकृत जागा गेल्यावर त्यांच्या हाती प्रवेशद्वार आणि रस्ता एवढेच उरले.

सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या, माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने 2006 मध्ये मधला मार्ग सुचवला. उमेदवाराचा खर्च 5,000 रुपयांच्या आत असावा, छापील पत्रके न वापरता हाताने केलेलीच भित्तिपत्रके लावावीत, हजेरी किमान 75 टक्के असावी आणि संपूर्ण निवडणूक दहा दिवसांत आटोपावी, अशा या शिफारशी न्यायालयाने स्वीकारल्या. महाराष्ट्रात मात्र खुल्या निवडणुकांची तरतूद होण्यास आणखी दहा वर्षे गेली. 2016चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा 1 मार्च 2017 पासून लागू झाला आणि परिषदेचा अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी व राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी थेट मतदानाने निवडण्याचा हक्क कागदावर परत आला. 2019 मध्ये या निवडणुका तोंडावर आल्या असताना पुढे ढकलल्या गेल्या आणि त्यापाठोपाठ कोविडची साथ आली.

याच 2017 साली मुंबई विद्यापीठात जे घडले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. सुमारे 17 लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय पुरेशा पूर्वतयारीविना घेतला गेला. स्कॅनिंग मागे पडले, प्राध्यापकांना प्रणालीची सवय नव्हती, आणि कुलपतींनी घालून दिलेली 31 जुलैची मुदतही टळली. परदेशी विद्यापीठांत किंवा पदव्युत्तर वर्गात प्रवेश घेणाऱ्यांच्या हाती गुणपत्रिका नव्हती. विधी शाखेच्या विद्यार्थ्यांचे हाल विशेष झाले. या मुलांना हवे होते ते एका साध्या प्रश्नाचे विश्वासार्ह उत्तर : निकाल कोणत्या तारखेला? ते मिळत नव्हते, म्हणून कालिना संकुलात आंदोलने झाली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले. निवडून आलेली परिषद असती तर स्कॅनिंग वेगाने झाले असते असे नाही, पण रोजची खरी स्थिती विचारण्याचा अधिकार कोणाकडे तरी असता, आणि अफवांना एवढे रान मोकळे मिळाले नसते.

तक्रार निवारणाची दुसरी वाट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांतून आली. 2023च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी, तिने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायला हवा, आणि समाधान न झाल्यास विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालाकडे, म्हणजे विद्यार्थ्यांची अपिले ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, दाद मागता यावी. रचना चांगली आहे. तरीही लोकपाल न नेमलेल्या देशभरातील विद्यापीठांची यादी 2024 मध्ये आयोगाला जाहीर करावी लागली. जिथे लोकपाल आहे तिथेही त्याचे नाव आणि अर्जाची पद्धत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला प्रवेशाच्या वेळीच सांगितली जाणे आवश्यक आहे. अन्यथा अर्ज करण्याआधीच तो ठिय्या आंदोलनात जाऊन बसतो, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही.