फोटोतले डाग पुसायचा उद्योग फोनच्या कितीतरी आधीचा

सेल्फीत गालावरचा पिंपल टॅप केला की गायब होतो आणि मग कोणीतरी म्हणतंच, हल्ली सगळं खोटं, पूर्वीचे फोटो कसे खरे असायचे. मलाही तसंच वाटायचं, एकदा एक जुनी ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह उजेडात तिरकी धरून बघेपर्यंत. सरळ धरली तर काहीच कळत नाही, पण जरा कलती केली की डोळ्यांखाली, गालावर, कपाळावर बारीक बारीक करडे फराटे चमकायला लागतात. ती शिसपेन्सिल. कोणीतरी तासभर मान मोडून बसून त्या माणसाची कातडी गिरवून ठेवलेली असते.

सुरुवातीला हे शक्यच नव्हतं. 1839 साली डागेरोटाइप आला, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आणि त्यावर थेट चित्र, निगेटिव्ह वगैरे भानगड नाही. ते चित्र इतकं नाजूक की बोट फिरवलं तरी पुसलं जायचं, त्यामुळे टचिंग म्हणजे फार तर गालांवर कोरड्या रंगाची पूड हलक्या हाताने बसवायची. लोकांची पंचाईत अशी झाली की तोवर चेहरा रंगवून देणारा चित्रकार न सांगताच चामखीळ गाळायचा, कॅमेऱ्याला तेवढी समज नव्हती.

मग 1851 मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने काचेवर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण पसरायची पद्धत आणली, काचेवर निगेटिव्ह मिळायला लागली, आणि एका निगेटिव्हवरून हव्या तेवढ्या प्रिंट. आता डाग एकदाच काढला की सगळ्या प्रिंटमधून गेला! म्युनिकच्या फ्रान्झ हान्फस्टेंगल या फोटोग्राफरने 1855 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात एकाच फोटोची टचिंगच्या आधीची आणि नंतरची प्रिंट शेजारी शेजारी लावली होती असं सांगतात. म्हणजे बिफोर-आफ्टर सुद्धा इन्स्टाचा शोध नाही.

पण माझ्या मते खरी गोष्ट वेगळीच आहे आणि ती फारशी कोणी सांगत नाही. त्या काळच्या काचांना फक्त निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाश कळायचा. लाल, पिवळा, तपकिरी त्यांच्या दृष्टीने जवळजवळ काळाच. त्यामुळे समोरासमोर जेमतेम दिसणारा लालसर पुरळ, गोऱ्या कातडीवरचे फिकट तपकिरी ठिपके, वांग, हे सगळं फोटोत भडक काळं उमटायचं. गिऱ्हाईक म्हणायचं मी असा दिसत नाही, आणि ते बरोबरच म्हणायचं. म्हणजे टचिंग सुरू झालं तेव्हा निदान काही अंशी ते कॅमेऱ्याची चूक निस्तरणं होतं. 1873 मध्ये हेर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने रंगद्रव्यं मिसळून काचेला हिरव्या-पिवळ्याचीही जाण दिली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लालसुद्धा नीट पकडणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा बाजारात आल्या. कॅमेरा सुधारला. पेन्सिल मात्र कोणी खाली ठेवली नाही, तोवर लोकांना त्या गुळगुळीत गालांची सवय लागून गेली होती.

काम कसं चालायचं तेही बघण्यासारखं आहे. उतरत्या मेजात मधे काच, खाली आरसा, आरशातून उजेड वर निगेटिव्हवर. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हवर उलटा, म्हणजे पारदर्शक ठिपका असतो. गुळगुळीत निगेटिव्हवर पेन्सिल चालत नाही म्हणून आधी डामर नावाच्या झाडाच्या राळेचं पातळ वॉर्निश चोळायचं, मग सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने तो ठिपका स्वल्पविरामाएवढ्या खुणांनी भरत जायचा, आजूबाजूच्या करडेपणाशी जुळेपर्यंत. जास्त भरलं की प्रिंटमध्ये त्या जागी पांढरा डाग, म्हणजे आगीतून फुफाट्यात. नको असलेला चकाकता भाग असेल तर उलटं, पात्याने थर हळूच खरवडायचा, तिथे चूक झाली तर निगेटिव्हच गेली. शेवटी प्रिंटवर बारीक ब्रशने स्पॉटिंग, म्हणजे उरलेसुरले ठिपके रंगाने झाकायचे. स्टुडिओंमध्ये हे काम बरेचदा बायका करायच्या, आणि फोटोखाली नाव अर्थातच स्टुडिओचं.

हॉलिवूडने हे पार टोकाला नेलं. 1930 च्या दशकात फोटोग्राफर जॉर्ज हरेलने काढलेले नटी जोन क्रॉफर्डचे फोटो बघा, तिच्या चेहऱ्यावर ठिपकेच ठिपके होते, प्रसिद्धीच्या फोटोत एक सुद्धा नाही.

पुढे 35 मिलिमीटरची फिल्म आली, त्यावर चेहरा नखाएवढा, पेन्सिल कुठे चालवणार, त्यात रंगीत, मग लेन्सवर सॉफ्ट फिल्टर लावा नाहीतर प्रिंटवर रंग भरा, असं चाललं. 1990 च्या फेब्रुवारीत फोटोशॉप आलं आणि हात कॉम्प्युटरवर गेला. त्यातला स्टॅम्प शेजारचा तुकडा उचलून डागावर चिकटवायचा, पण गालावर उजेड दर इंचाला बदलतो त्यामुळे ठिगळ ओळखू यायचं. 2002 च्या फोटोशॉप 7 मधल्या हीलिंग ब्रशने ते सोडवलं, तो उचललेल्या जागेची फक्त पोत घेतो आणि रंग-उजेड डागाच्या आजूबाजूचा धरतो. 2005 मध्ये स्पॉट हीलिंग आलं, आता कुठून उचलायचं तेही सांगावं लागेना, नुसतं क्लिक करायचं. इथे मला वाटतं कौशल्य संपलं. जुने टचिंगवाले पिंपल काढायचे पण तीळ ठेवायचे, कारण पिंपल आठवड्यात जातो आणि तीळ हीच माणसाची ओळख असते. तो विचार डोक्यात असायचा, ब्रशमध्ये नव्हता.

मग फोन. 2008 मध्ये चीनमध्ये चेहरा गुळगुळीत करणारं मेइतू (आधी कॉम्प्युटरवर, मग फोनवर), 2013 मध्ये तसंच फेसट्यून हे ॲप, आणि हळूहळू ब्युटी मोड कॅमेऱ्याच्या आतच जाऊन बसला. आता पुसणारा माणूसच उरला नाही, फोटो निघतानाच पुसलेला निघतो. कायदे पण मागून धावत आले, नॉर्वेत जुलै 2022 पासून जाहिरातीत शरीर किंवा त्वचा बदलली असेल तर तसं लेबल लावावं लागतं. 2020 मध्ये गूगलने जाहीर केलं की आपल्या पिक्सेल फोनवर चेहऱ्याचं रिटचिंग आपोआप चालू नसेल, आणि सेटिंगमध्ये ब्युटी हा शब्दही नको.

त्याच्या दोन वर्षं आधी आयफोन टेन-एसवर लोक भडकले होते, गुपचूप ब्युटी फिल्टर घातलाय म्हणून. ॲपलने सांगितलं की फिल्टर वगैरे काही नाही, अनेक फ्रेम एकत्र करताना सॉफ्टवेअर आधाराला चुकीची, कमी शार्प फ्रेम निवडत होतं, आणि आयओएस 12.1 मध्ये ते दुरुस्त केलं. म्हणजे त्या वेळी लोकांचे गाल पुसले गेले ते कोणीही न ठरवता.