कँडिडा औषधाला दाद देत नाही, म्हणजे नेमकं काय?

रक्तात कँडिडा हे यीस्ट (एकपेशीय बुरशी) सापडतं, फ्लुकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध सुरू होतं, रिपोर्टवर ‘सेन्सिटिव्ह’ लिहिलेलं असतं, आणि तरीही पुढच्या ब्लड कल्चरमध्ये यीस्ट पुन्हा उगवतं. लगेच ‘रेझिस्टन्स आला’ असं म्हटलं जातं. पण तो रेझिस्टन्स नसून टॉलरन्सही असू शकतो.

रेझिस्टन्समध्ये त्या यीस्टच्या जवळजवळ सगळ्याच पेशी जास्त औषधातही जोमाने वाढतात. ईआरजी११ या जनुकात बदल होऊन औषधाची पकड सुटते, किंवा पेशीतले पंप औषध बाहेर फेकतात. चाचणीत हे स्पष्ट दिसतं. पातळ माध्यमात औषधाची मात्रा दुप्पट-दुप्पट करत नेतात, ३५ अंशांवर २४ तास ठेवतात आणि वाढ निम्म्यावर आणणारी सर्वांत कमी मात्रा नोंदवतात. तीच एमआयसी. कँडिडा अल्बिकन्ससाठी फ्लुकोनॅझोलची एमआयसी (मायक्रोग्रॅम प्रति मिलीलीटर) २ किंवा कमी असेल तर सेन्सिटिव्ह, ८ किंवा जास्त असेल तर रेझिस्टंट. कँडिडा ऑरिसला रेझिस्टंट ठरवायला अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने सुचवलेली तात्पुरती मर्यादा आहे ३२. म्हणून यीस्टची जात नीट ओळखल्याशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नाही.

टॉलरन्समध्ये एमआयसी कमीच राहते. फक्त काही पेशी, त्यापेक्षा कितीतरी जास्त औषधातही, हळूहळू वाढत राहतात. हे शक्य होतं कारण फ्लुकोनॅझोल यीस्टला मारत नाही, वाढ रोखतं. २४ तासांनी आणि निम्म्या वाढीच्या निकषावर वाचताना या पेशी नजरेतून सुटतात. ४८ तासांनी त्या गढूळपणा आणतात. उलट, पूर्वी ४८ तासांनीच वाचन व्हायचं तेव्हा असं यीस्ट चुकून रेझिस्टंट ठरायचं. उंदरांवरच्या प्रयोगांत मात्र त्यातलं काही फ्लुकोनॅझोलने आटोक्यात आलं. त्यामुळे ४८ तासांचा गढूळपणा दिसला की औषध बाद करणं मला घाईचं वाटतं.

डिस्क चाचणीत, म्हणजे यीस्ट पसरलेल्या प्लेटवर औषधाची चकती ठेवून, रेझिस्टंट आणि टॉलरंट यीस्ट शेजारी ठेवून पाहावं. रेझिस्टंट यीस्ट डिस्कच्या अगदी जवळपर्यंत दाट उगवतं, मोकळं वर्तुळ लहान होतं किंवा उरतच नाही. टॉलरंट यीस्टचं वर्तुळ चांगलं मोठं असतं, पण त्याच्या आत बारीक, फिकट वसाहती दिसतात. प्लेट आणखी एक दिवस ठेवली की त्या वाढतात. कॅल्सिन्यूरिन हे पेशीला ताण झेलायला मदत करणारं प्रथिन रोखणारं सायक्लोस्पोरिन फ्लुकोनॅझोलसोबत दिलं, तर प्रयोगशाळेत अल्बिकन्सच्या या पेशी मरतात.