ईश्वराश्रय (ख्रिस्ती)

संरक्षण, दया आणि सामर्थ्य यांसाठी स्वतःच्या पुण्याईवर, पैशावर किंवा माणसांच्या आधारावर न विसंबता देवावर भरवसा ठेवून जगण्याची ख्रिस्ती वृत्ती आणि तिच्याशी निगडित आचार. मराठी ख्रिस्ती मंडळींत तिला सहसा नुसते ‘भरवसा’ म्हणतात. ‘आश्रय’, ‘दुर्ग’, ‘ढाल’, ‘पंखांची सावली’ हे शब्द स्तोत्रसंहितेतून घरगुती प्रार्थनेत आले आणि तेथेच रुळले. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः पुणे व परिसरातील मराठी ख्रिस्ती परंपरेचा विचार केला आहे.

देव संकट टाळतोच, असे या भरवशाचे स्वरूप ख्रिस्ती धर्मशास्त्राने कधीच मानलेले नाही. दानीएलाच्या पुस्तकातील तिघे तरुण भट्टीत टाकले जाण्यापूर्वी राजाला सांगतात की, आमचा देव आम्हांला सोडवील, आणि सोडवले नाही तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. पौलाने आपल्या ‘शरीरातील काट्या’साठी तीनदा विनवणी केली, काटा निघाला नाही, कृपा पुरेशी आहे एवढेच उत्तर मिळाले (२ करिंथ १२). मध्ययुगीन धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस याने आशेविरुद्धची दोन पापे सांगितली : निराशा आणि देवाची दया गृहीत धरणे. प्रॉटेस्टंट धर्मशास्त्रज्ञांनी पुढे ईश्वरी तजविजीची, म्हणजे देव जगाचा सांभाळ व कारभार करतो या कल्पनेची, धारण, सहकार्य व शासन अशी तीन अंगे मांडली. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत (प्रॉटेस्टंट शिकवणीच्या पुस्तिकेत) पाऊस व अवर्षण, आरोग्य व आजार ही सर्व पित्याच्या हातून येतात, योगायोगाने नव्हे, असे म्हटले आहे.

स्तोत्र ९१ : आश्रयाची भाषा सर्वांत दाट आहे ती या स्तोत्रात. त्याचा कर्ता व काळ हा जुना वाद आहे. हिब्रू पाठात स्तोत्राला शीर्षक नाही. सप्तती या हिब्रू बायबलच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात ते दाविदाच्या नावावर आहे. बिनशीर्षकाचे स्तोत्र आधीच्या स्तोत्राच्या कर्त्याचे धरावे, या यहुदी संकेतानुसार ते मोशेकडे जाते, कारण स्तोत्र ९० मोशेच्या नावाने आहे. आधुनिक अभ्यासकांपैकी काहींना ते मंदिरात आश्रयाला आलेल्या व्यक्तीला पुरोहिताने दिलेले आश्वासन वाटते, काहींना युद्धाला निघालेल्या राजासाठी म्हटलेले; आजारातून उठलेल्या माणसाचे उपकारस्तवन असावे, असाही एक पक्ष आहे. काळ यहुद्यांच्या बाबेलमधील निर्वासनापूर्वीचा की नंतरचा, यावर एकमत नाही. बोलणारा मध्येच बदलतो आणि शेवटी खुद्द देव बोलू लागतो, हे पाहता मंदिरातील उपासनेशी त्याचा संबंध जोडणारे मत अधिक सयुक्तिक दिसते.

त्याच्या वापराविषयी पुरावा बरा आहे. मृत समुद्राकाठच्या कुम्रानच्या अकराव्या गुहेत सापडलेल्या एका गुंडाळीत हे स्तोत्र भूतबाधा घालवण्याच्या रचनांच्या पाठोपाठ लिहिलेले आहे. ही गुंडाळी सामान्यतः इसवी सनाच्या पहिल्या शतकातील मानतात. तालमूद या यहुदी ग्रंथातही अरिष्टांपासून बचाव करणारे गीत म्हणून त्याचा उल्लेख येतो. म्हणजे ताईतासारखा त्याचा वापर ख्रिस्ताच्या काळाच्या आसपास रूढ असावा. या पार्श्वभूमीवर शुभवर्तमानातील परीक्षेचा प्रसंग विशेष अर्थपूर्ण ठरतो. मंदिराच्या शिरोभागावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे सुचवताना सैतान याच स्तोत्राचा आधार घेतो आणि येशू ‘परमेश्वराची परीक्षा पाहू नको’ या अर्थाचे जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाचे वचन पुढे करून नकार देतो (मत्तय ४, लूक ४). भरवसा आणि देवाला पेचात धरणे यांत पुढील सर्व ख्रिस्ती परंपरेने जो भेद केला, त्याचे मूळ येथे आहे. रोमन परंपरेत रात्रीच्या अखेरच्या प्रार्थनेत हे स्तोत्र म्हणण्याची प्रथा जुनी आहे. तेथील जुन्या क्रमांकानुसार ते नव्वदावे.

पहिल्या महायुद्धात एका ‘९१ व्या ब्रिगेड’ने हे स्तोत्र रोज म्हटले आणि तिचा एकही सैनिक पडला नाही, ही कथा प्रवचनांतून व मोबाइलवरील संदेशांतून अजून फिरते. ती विश्वासार्ह नाही. ब्रिटिश सैन्यातील या क्रमांकाची ब्रिगेड १९१६ मध्ये सॉमच्या लढाईत होती आणि तिची जीवितहानी झाली होती.

औषधोपचारासारखी साधने व भरवसा यांच्या संबंधाचे प्रसिद्ध विवेचन मार्टिन ल्यूथर याचे आहे. विटेनबर्गमध्ये १५२७ साली प्लेग आला असता त्याने एका पत्रात लिहिले की आपण देवाची प्रार्थना करू, घराला धुरी देऊ, औषध देऊ व घेऊ आणि जेथे आपली गरज नाही तेथे जाणार नाही. मात्र शेजाऱ्याला गरज पडली तर मागे हटणार नाही. स्तोत्र ४६ वर आधारलेले त्याचे ‘बळकट दुर्ग’ या कल्पनेचे गीत याच सुमाराचे, बहुधा १५२७ ते १५२९ मधले. नेमके वर्ष वादग्रस्त आहे.

पुणे व केडगाव : पुण्याच्या संदर्भात या संकल्पनेचा विचार पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांना वगळून करता येत नाही. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. पण कृपेचा खरा अनुभव त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आला, असे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. मुंबईत १८८९ मध्ये सुरू झालेले शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यास आले. १८९६ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. पाठोपाठ पुण्यात प्लेगचे निर्बंध आले, तेव्हा त्यांना पुण्यापासून पूर्वेस सुमारे साठ किलोमीटरवरील केडगावच्या शेतावर हलवावे लागले. तेथेच मुक्ती मिशन उभे राहिले. १९०० च्या सुमारास आश्रमातील संख्या दोन हजारांच्या जवळपास गेली होती.

मिशनची रीत अशी की गरज देवापुढे मांडावी आणि पुरवठ्याची वाट पाहावी. ही रीत कोठून आली? प्रचलित उत्तर ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर (१८०५–१८९८) यांच्याकडे बोट दाखवते. त्यांनी कोणाकडे पैसे न मागता अनाथाश्रम चालवल्याचा वृत्तांत रमाबाईंनी वाचला होता आणि त्याचा प्रभाव त्यांनी मान्यही केला आहे. त्याच ओघात चीनमधील हडसन टेलर आणि न्यू हेब्रिडीज बेटांवरील जॉन पेटन या मिशनऱ्यांची चरित्रे त्यांच्या वाचनात आली. दुसरे मत त्यांच्या पूर्वायुष्याकडे वळते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्यासह हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थे हिंडले. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात जवळचे सारे दानधर्मात व देवकार्यात गेले. अंगमेहनतीची सवय नव्हती, मागण्याची लाज वाटत होती. आई, वडील व बहीण त्या काळात गेली. हा अनुभव रमाबाईंनी १८९७ च्या सुमारास लिहून ठेवला. केडगावी प्रार्थनेच्या जोडीला विहिरी, शेती, दूधदुभते, विणकाम, तेलाचा घाणा व छापखाना यांवर त्यांनी जो भर दिला, त्याचा उलगडा एकट्या म्यूलरवरून होत नाही. दुसरे मत पूरक म्हणून स्वीकारणे योग्य वाटते.

त्यांची रीत शंभर टक्के ‘न मागण्याची’ होती, असेही म्हणता येत नाही. बोस्टन येथे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने शारदा सदनाला दहा वर्षे मदत केली होती. ती मुदत संपल्यावर १८९८ मध्ये रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या. १९०३ पासून निघालेल्या मुक्तीच्या इंग्रजी वार्तापत्राने गरजा दूरवर कळवल्या. पुण्यातील सरकारी प्लेग रुग्णालयाच्या कारभारावर १८९७ मध्ये त्यांनी वृत्तपत्रातून जाहीर टीका केली आणि तिचे पडसाद ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. देव राखील म्हणून प्रशासनाला जाब विचारू नये, असे त्यांनी मानले नाही. १९०५ मध्ये मुक्तीत झालेल्या पुनरुज्जीवनाने (धार्मिक जागृतीच्या लाटेने) ‘सामर्थ्य’ या अंगाला वेगळे वळण दिले. पेंटेकॉस्टल चळवळीच्या उगमात त्याचे स्थान काय, हा स्वतंत्र विषय आहे. मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, त्यानंतर वर्ष पुरे होण्याच्या आत रमाबाईही गेल्या. त्यांनी केलेले बायबलचे सुबोध मराठी भाषांतर १९२४ मध्ये पूर्ण छापून झाले.

भक्तिपरंपरेशी संबंध : नारायण वामन टिळक (मृत्यू १९१९) तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे म्हणत. त्यांच्या अभंगांतील आर्तता वारकरी वळणाची आहे आणि पुण्याच्या मराठी उपासनांत पेटी-तबल्यावर ती पदे आजही म्हटली जातात. श्रीवैष्णवांतील शरणागतीच्या मर्कटन्याय व मार्जारन्याय या दोन पक्षांची (पिल्लू आईला धरते, की आई पिल्लाला) ख्रिस्ती कृपाविचाराशी तुलना जर्मन धर्मशास्त्रज्ञ रुडोल्फ ओटो यांनी केली. तुलना उद्बोधक आहे. मात्र ख्रिस्ती कृपेला क्रूसावरील मृत्यूचा ऐतिहासिक संदर्भ आहे, तो तीत निसटतो.

आचार : गुरुवार पेठेतील पंचहौदचे पवित्र नाम देवालय, लष्कर भाग, खडकी, घोरपडी, येरवडा येथील मंडळ्यांत आचार थोड्याफार फरकाने सारखे आहेत. नव्या घरात पाळकांना बोलावून प्रार्थना करतात. स्तोत्र २३, ९१ किंवा १२१ वाचले जाते, एक-दोन गीते होतात, मग चहा-फराळ. दाराच्या आतल्या बाजूस स्तोत्र ९१ ची तसबीर पुष्कळ घरांत दिसते. तेथे वचन आणि ताईत यांतली रेषा पुसट होते, हे पाळकही जाणून असतात. शस्त्रक्रियेआधी खाटेशी प्रार्थना, बरे झाल्यावर उपकारस्तुतीची सभा आणि तीत ‘साक्ष’ (स्वतःचा अनुभव सांगणे) हा क्रम ठरलेला. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या उपासनेनंतर काही मंडळ्यांत वर्षाच्या वचनाची चिठ्ठी उचलतात. ती बायबलमध्ये किंवा पाकिटात वर्षभर राहते. काही स्वतंत्र प्रार्थनागटांत औषध घेणे म्हणजे अविश्वास, असे शिकवले जाते. प्रस्थापित मंडळ्यांना ते मान्य नाही.

कॅथलिक आचारात नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), मरियेची मध्यस्थी आणि दैवी दयेची भक्ती यांतून हीच वृत्ती प्रकटते. दैवी दयेची भक्ती पोलंडच्या भगिनी फाउस्तीना (१९०५–१९३८) यांच्यापासून सुरू झाली; ३० एप्रिल २००० रोजी त्यांना संतपद मिळाले. ख्रिस्ताच्या हृदयातून निघणारे तांबडे व फिकट किरण दाखवणाऱ्या या भक्तीच्या चित्राखाली ‘येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे’ या अर्थाची ओळ असते. तिची जपमाळ दुपारी तीन वाजता, ख्रिस्ताच्या मृत्यूच्या घटकेला, म्हणण्याचा प्रघात आहे.