लोक तयार आहेत का? एका दीडशे वर्षांच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली. त्यांना हवे होते ते कर्जरोखे आणि गहाणखतं. चौकात ढीग घालून ते जाळले गेले. बघताबघता हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. सावकारानं मुकाट्यानं कागद काढून दिले, तर त्याला बहुतेक ठिकाणी फारसा धक्का लागला नाही. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात कापसाला आलेला भाव कधीच कोसळला होता, सरकारनं शेतसारा वाढवला होता आणि सावकारांनी पुढचं कर्ज बंद केलं होतं. या उठावाला नाव घेण्याजोगा पुढारी नव्हता. लोक तयार आहेत का, असं त्यांना कोणी विचारलंही नव्हतं. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून सरकारदरबारी नोंद झाली, चौकशी आयोग बसला आणि १८७९मध्ये शेतकऱ्यांना कर्जापासून थोडं संरक्षण देणारा कायदाही आला.

राज्यक्रांतीला जनता तयार आहे की नाही, हा वाद महाराष्ट्रात पुढं पाऊणशे वर्षं चालला. तो वाचताना सुपे डोळ्यांसमोर ठेवावं, असं मला वाटतं. लोक उठतात, पण आपल्या हिशेबानं. पुढाऱ्यांचा हिशेब बहुतेक वेळा वेगळा असतो.

वासुदेव बळवंत फडक्यांना याचा चटका सगळ्यात आधी बसला. पनवेलजवळच्या शिरढोणचे फडके पुण्यात लष्करी हिशेब खात्यात नोकरीला होते. १८७६-७७च्या दुष्काळात त्यांनी गावोगाव फिरून लोकांचे हाल पाहिले आणि हे राज्य उलथायचं ठरवलं. पुण्यातली शिकलेली मंडळी सभेला यायची, टाळ्या वाजवायची आणि घरी जायची. मग फडके गावराखणीचं काम करणाऱ्या रामोश्यांकडे वळले. फेब्रुवारी १८७९मध्ये शिरूर तालुक्यातल्या धामारीपासून दरोडे सुरू झाले. त्या पैशांतून फौज उभी करायची, असा बेत होता. पण रामोश्यांच्या घरी चूल पेटत नव्हती. लूट हातात पडली की वाटणी मागणं त्यांच्या दृष्टीनं रास्तच होतं. स्वराज्याची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली नाही, ही तक्रार फडक्यांनी आपल्या आत्मकथनात केली आहे. उजवा हात असलेले दौलतराव नाईक मे महिन्यात चकमकीत पडले. खचलेले फडके श्रीशैलला गेले, तिथं सावरले आणि रोहिल्यांची, म्हणजे पठाणी वंशाच्या भाडोत्री शिपायांची, भरती करू लागले. २० जुलैला देवर नावडगीच्या देवळात तापानं फणफणलेल्या अवस्थेत ते पकडले गेले. १८८३मध्ये एडनच्या तुरुंगात त्यांचा शेवट झाला. त्यांच्या धैर्याबद्दल बोलावं तेवढं थोडं. पण भुकेला माणूस आपोआप क्रांतीला तयार असतो, हे त्यांचं गृहीतक त्या वर्षी टिकलं नाही.

नंतरचा वाद शहरातला, छापखान्यातला. आधी समाजसुधारणा की आधी राजकारण? रानडे आणि आगरकरांचं म्हणणं, जो समाज आपल्या विधवांना आणि मुलींना न्याय देत नाही त्याच्या हाती सत्ता येऊन काय होणार? टिळकांचं म्हणणं, घरातली भांडणं परक्या सरकारपुढं नेऊ नका. सुधारणेची अट घातली तर सामान्य माणूस काँग्रेसकडे फिरकणार नाही. मुलींच्या संमतिवयाची (शरीरसंबंधासाठीच्या किमान वयाची) मर्यादा १० वरून १२ वर्षांवर नेणाऱ्या १८९१च्या कायद्यानं हा वाद विकोपाला गेला. १८९५मध्ये तर मांडवावरून जुंपली. काँग्रेसचं अधिवेशन संपलं की त्याच मांडवात रानड्यांची, समाजसुधारणेचे प्रश्न घेणारी सामाजिक परिषद भरायची, असा काही वर्षांचा रिवाज होता. त्या वर्षी अधिवेशन पुण्यात होतं. परिषदेला मांडव दिलात तर जाळून टाकू, अशी धमकी विरोधकांनी दिली. रानड्यांनी माघार घेऊन परिषद दुसरीकडे भरवली. आगरकर त्याच वर्षी जूनमध्ये वारले होते. त्यांनी या प्रकारावर काय लिहिलं असतं, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

दोन्ही बाजू ‘लोकां’च्या नावानं भांडत होत्या आणि दोन्हीकडचे लोक साधारण त्याच चार पेठांमधले होते. जोतीराव फुल्यांनी हे कधीच ओळखलं होतं. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात राणी व्हिक्टोरियाचा मुलगा ड्यूक ऑफ कनॉट याच्या स्वागताला जरीच्या पोशाखांची गर्दी होती. तिथं जोतीराव साध्या शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि पाहुण्याला सुनावून आले की इथं बसलेले श्रीमंत म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खेड्यांत जाऊन पाहा. जातीजातींत तुकडे झालेले लोक एकमय होत नाहीत तोवर त्यांचं ‘नेशन’ कसं होणार, हा त्यांचा सवाल होता. काँग्रेसवाल्यांना तो आवडणं शक्यच नव्हतं.

टिळकांच्या बाजूनं एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. लोकांच्या हिशेबाशी आपला हिशेब जुळवायचं तंत्र त्यांना साधलं. १८९६च्या दुष्काळात, टिळकांच्या गटाच्या हाती असलेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेची माणसं गावांत गेली. सरकारच्याच दुष्काळ संहितेचं मराठी भाषांतर त्यांनी वाटलं आणि पीक बुडालं असेल तर सारासूट मागा, असं सांगितलं. शेतकऱ्याला हे लगेच कळलं, कारण प्रश्न त्याचाच होता. बारा वर्षांनी, २२ जुलै १९०८ रोजी, टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईतल्या गिरण्या बंद पडल्या. वर्षाला एक दिवस, असा सहा दिवस संप झाला. लष्कर बोलवावं लागलं, गोळीबार झाला, माणसं मेली. युरोपात बसलेल्या लेनिननंही या संपाची दखल घेतली. पण हे गिरणगाव एका रात्रीत जागं झालेलं नव्हतं. गिरण्यांत विजेचे दिवे आल्यापासून रात्रीपर्यंत राबवून घेण्यावर कामगार आधीच चिडलेले होते.

इंग्रजांच्या तोंडी हाच प्रश्न सोयीचा होता. १९१९च्या कायद्यानं जबाबदार राज्यपद्धती टप्प्याटप्प्यानं द्यायचं म्हटलं आणि पुढचा टप्पा कधी, हे ब्रिटिश पार्लमेंटच ठरवणार होतं. १९३२मध्ये मताधिकाराचा विचार करायला नेमलेल्या लोथियन समितीनं सर्व प्रौढांना मत देणं तूर्त अव्यवहार्य ठरवलं.

इथं डॉ. आंबेडकरांची भूमिका वरवर उलटसुलट वाटते. सायमन आयोगापुढं १९२८मध्ये त्यांनी सर्व प्रौढांना मताधिकार मागितला. निरक्षर म्हणजे अडाणी, हे त्यांना मान्य नव्हतं. आणि १९३६मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण देता न आलेल्या भाषणात त्यांनी बजावलं की राजकीय क्रांतीच्या आधी सामाजिक-धार्मिक क्रांती झालेली असते. दाखले दिले ते ल्यूथरचे, बुद्धानंतरच्या चंद्रगुप्ताचे, संतांनंतरच्या शिवाजीमहाराजांचे. पुण्यातल्या त्या मांडवाची गोष्टही त्यात आहे. मला यात विसंगती दिसत नाही. अपात्रतेचा ठपका इतर सगळे तळच्या माणसावर ठेवत होते. आंबेडकरांनी तो वरच्यावर ठेवला. मत द्यायला अस्पृश्य तयारच होता. त्याच्याबरोबर राज्य करायला सवर्ण तयार आहेत का, हे त्यांना विचारायचं होतं.

१९३५च्या कायद्यानं प्रांतिक निवडणुकांत मत मिळालं ते सुमारे ३ कोटी लोकांना. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदार होते १७ कोटींहून जास्त आणि देशातली साक्षरता होती जेमतेम १८ टक्के. पक्षाच्या चिन्हांवर लोकांनी मतं दिली. खुद्द आंबेडकर उत्तर मुंबईतून हरले, तेही काजरोळकरांसारख्या त्यांच्या मानानं अपरिचित उमेदवाराकडून. यादीतून मात्र सुमारे २८ लाख बायकांची नावं गळाली. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढीच ओळख त्यांनी किंवा घरच्यांनी सांगितली होती. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालवून घेतल्या नाहीत. यातल्या बहुतेक नोंदी बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेश या तेव्हाच्या राज्यांतल्या होत्या. पुढच्या निवडणुकीपर्यंत त्यांतल्या पुष्कळ जणींनी आपापली नावं सांगून यादीत जागा मिळवली.