जुने कर्जरोखे वाचायला आणताना
(मोडी वाचन व लिप्यंतर : आमच्या ग्राहकांसाठी)

माळ्यावरच्या पेटीत मोडीतले कागद सापडले की बरेच जण वरचा, त्यातल्या त्यात धड असलेला एकच कागद घेऊन येतात. कृपया गठ्ठा दोऱ्यासकट, आहे त्या क्रमाने आणा.

पुणे-नगर भागातला इंग्रजी अमदानीतला रोखा एकटा वाचला तर हमखास फसवतो. शेतसारा रोखीने भरायचा आणि घरात रोकड नाही, म्हणून कुणबी सावकाराची पायरी चढे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने असा रोखा तीनच वर्षे चाले. कुळाला, म्हणजे कर्जदाराला, दिलासा मिळावा हा हेतू; झाले भलतेच. मुदत भरत आली की सावकार थकलेले व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेई. दरमहा दरशेकडा २ रुपये दर धरा : १०० चे तीन वर्षांनी १७२ आणि सहा वर्षांनी २९५ रुपये १३ आणे. तिसऱ्या रोख्यात हीच रक्कम मुद्दल म्हणून दिसते. हातात पडलेले असतात पहिले शंभरच, तेही मनोती (कर्ज देतानाच सावकार कापून घेई ती रक्कम) कापून! १२ मे १८७५ ला भीमथडीतल्या सुप्याला लोकांनी सावकारांच्या वह्या आणि रोखेच का जाळले, ते अशा तीन कागदांची बेरीज केली की कळते. १८७९ च्या शेतकरी कायद्यानंतर कोर्टाला रोख्यामागचा मूळ हिशेब तपासता येऊ लागला.

सहीच्या जागी नांगर काढलेला दिसला तर ती चिताड नव्हे. लिहिता न येणाऱ्या कुणब्याची ती निशाणी; बाईमाणसाची निशाणी बांगडी. शेजारी नाव असते ते लिहिणाऱ्याच्या हातचे. शके १७९७ म्हणजे इ. स. १८७५-७६, शकात ७८ मिळवा.

रोखा कुळाच्याच घरात निघाला तर बहुधा फिटल्यावर परत मिळालेला असतो. आणि हो, ‘आजोबांचे येणे आता वसूल होईल का?’ नाही होणार. हा प्रश्न आम्हाला आठवड्यातून एकदा तरी येतो.

लॅमिनेशन, सेलोटेप, इस्त्री यांतले काहीही करू नका. शाई काजळीची असेल तर ओल्या बोटानेही फरकटते, तेव्हा थुंकी लावून पाने उलटू नका.