टरेट की प्रोग्रेसिव्ह? आधी फिरतं काय ते बघा

झाडलेली काडतुसं पुन्हा भरायचं यंत्र म्हणजे प्रेस. ते काम शिकणाऱ्याला सिंगल स्टेज प्रेस बघताक्षणी कळतो. एक डाय (पुंगळीवर एकेक काम करणारा साचा), एक पुंगळी (काडतुसाचं धातूचं कवच), एक दांडा, बस. गोंधळ उडतो तो पुढची पायरी चढताना. टरेट आणि प्रोग्रेसिव्ह हे दोन प्रेस शेजारी ठेवले तर दोन्हींच्या माथ्यावर चार-पाच डाय बसवलेल्या दिसतात, दोन्हींवर पावडरचं, म्हणजे दारूचं, भांडं उभं असतं आणि दांडा ओढला की दोन्हींत काहीतरी फिरतं. मग विकणाराही दोन्ही नावं एकाच यंत्राला लावतो आणि घेणारा चुकीचं यंत्र घरी आणतो. मी स्वतः असाच एक टरेट प्रोग्रेसिव्ह समजून घेतला होता.

ओळखायची खूण साधी आहे. टरेटमध्ये पुंगळी खाली एका जागी बसते आणि वरचं डोकं फिरून एकेक डाय तिच्यावर आणतं. प्रोग्रेसिव्हमध्ये डाय जागच्या हलत नाहीत, खालची शेल प्लेट पुंगळ्या घेऊन फिरते. म्हणजे टरेटवर कोणत्याही क्षणी एकच पुंगळी असते, तर प्रोग्रेसिव्हवर बहुधा चार किंवा पाच आणि प्रत्येक वेगळ्या अवस्थेत: एकीचा जुना प्रायमर (बुडातली, पावडर पेटवणारी टोपी) निघून ती मापात येते आहे, दुसरीत पावडर पडते आहे, तिसरीच्या तोंडात गोळी बसते आहे, चौथीचं तोंड आवळलं जातं आहे. चार डाय असलेल्या टरेटवर दांडा चारदा ओढल्यावर एक काडतूस तयार होतं. प्रोग्रेसिव्हची प्लेट एकदा भरली की प्रत्येक ओढीला एक काडतूस डब्यात पडतं.

‘आपोआप फिरतो तो प्रोग्रेसिव्ह आणि हाताने फिरवावा लागतो तो टरेट’ हा समज मात्र चुकीचा आहे आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. ली कंपनीच्या क्लासिक टरेटमध्ये पीळ दिलेली एक चौकोनी सळई असते. दांडा ओढला की ती डोकं आपोआप पुढच्या डायवर नेते, तरीही तो टरेटच. सळई काढून ठेवली की तोच प्रेस सिंगल स्टेजसारखा चालतो. उलट डिलन कंपनीच्या ५५० ची प्लेट बोटाने फिरवावी लागते, पण तिच्यावर चार पुंगळ्या एकदम असतात, म्हणून तो प्रोग्रेसिव्ह. त्याच कंपनीच्या ७५० ची पाच जागांची प्लेट स्वतःहून फिरते. तेव्हा कोण फिरवतं याला महत्त्व नाही. काय फिरतं आणि अर्धवट भरलेल्या किती पुंगळ्या तुमच्या जबाबदारीवर असतात, ते बघा.

हे मी एवढं ठासून सांगतो, कारण एकदा थोडक्यात वाचलो आहे. हाताने फिरवायच्या प्रोग्रेसिव्हवर ९ मिमीची पिस्तुलाची काडतुसं भरत होतो. दांडा खाली आला, सगळ्या डायनी आपापलं काम केलं, मग प्रायमर बसवायला दांडा पुढे ढकलला तर तो मध्येच अडला. पहिल्या जागेवरच्या पुंगळीत प्रायमर तिरका शिरला होता. ती काढली, तिथे नवी पुंगळी ठेवली आणि ती मापात आणायला दांडा परत ओढणार, एवढ्यात हात थांबला. दुसऱ्या जागेवरच्या पुंगळीत पावडर आधीच पडली होती आणि मी प्लेट फिरवलेली नव्हती. दांडा ओढला असता तर तिच्यात दुप्पट पावडर गेली असती. ती पुंगळी उचलून पावडर भांड्यात परत ओतली, पहिल्या दोन्ही जागा रिकाम्या केल्या आणि नव्याने सुरुवात केली. तेव्हापासून काही अडलं की आधी प्लेटवरची दुसरी जागा मोकळी करतो, मग बाकीचं बघतो.

टरेटवर अशी चूक होत नाही असं नाही. पण तिथे शंका आली तर ओतून टाकायला पुंगळी एकच असते आणि ती नेमकी डोळ्यांसमोर असते. शिवाय डोकं न फिरवता पन्नास पुंगळ्यांवर एकच काम करून घ्यायचं, त्या लाकडी ठोकळ्यात उभ्या ठेवायच्या आणि बॅटरीच्या उजेडात सगळ्यांतली पावडर एका पातळीत आहे ना ते बघून मगच गोळ्या बसवायच्या, अशी पद्धत टरेटवर सहज जमते.

.३८ स्पेशल हे रिव्हॉल्व्हरचं काडतूस भरणाऱ्यांनी तर हे फार जपावं. ते काडतूस १८९८ च्या सुमाराचं, काळ्या दारूच्या हिशेबाने बेतलेलं, म्हणून त्याची पुंगळी लांब आणि पोट मोठं. आजची बिनधुराची पावडर त्यात तळाशी थोडीशीच बसते, त्यामुळे दुप्पट पडली तरी ती वर उतू येत नाही आणि पावडर अजिबात पडली नाही तरी वरवर बघून कळत नाही. दुप्पट पावडरीने शस्त्र फुटू शकतं. बिनपावडरीच्या काडतुसात एकट्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत अडकते आणि ते न कळता पुढची झाडली तर नळी फुटू शकते. प्रोग्रेसिव्हवर जागा शिल्लक असेल तर तिथे पावडरची पातळी तपासणारी डाय बसवावी. पाच जागांच्या प्रेसचा मला वाटणारा खरा फायदा हाच आहे. चार जागांच्या प्रेसवर चारही जागा कामात अडकलेल्या असतात, तिथे प्रत्येक पुंगळीत डोकावायला दिवा लावणं भाग आहे.

दोन्हींचे काही स्वभावदोषही आहेत. टरेटच्या डोक्यातली डाय मधल्या खांबापासून बाजूला असते, म्हणून जोर लागला की डोकं किंचित उचललं जातं. पिस्तुलाच्या काडतुसात याने फरक पडत नाही. रायफलची पुंगळी पूर्ण मापात आणताना मात्र तिच्या खांद्याच्या (ती जिथे निमुळती होते तिथल्या) मापात इंचाच्या हजाराव्या भागांचा फरक येऊ शकतो. मागून आधार दिलेला टरेट त्यासाठी बरा. आपोआप फिरणाऱ्या प्रोग्रेसिव्हची प्लेट झटक्याने थांबते आणि काठोकाठ भरलेल्या आखूड पुंगळीतून पावडर सांडते. तिथे दांडा हळू सोडायची सवय लावून घ्यावी लागते.

वेगाचं म्हणाल तर टरेटवर तासाला साधारण १०० ते २००, प्रोग्रेसिव्हवर ४०० ते ६००. पण काडतुसाचा प्रकार बदलायचा झाला की टरेट सरस. डायसकट डोकं उचलून दुसरं ठेवायचं, खालचा, पुंगळी धरणारा शेल होल्डर बदलायचा, झालं. प्रोग्रेसिव्हवर शेल प्लेट, पुंगळ्या जागेवर धरणाऱ्या पिना, पावडरचं नरसाळं आणि कधीकधी प्रायमरची पूर्ण जोडणी बदलावी लागते. डाय मात्र बहुधा वाया जात नाहीत, कारण बहुतेक प्रेसचे आटे सारखेच असतात: व्यास ७/८ इंच आणि इंचाला १४ आटे. डिलनच्या स्क्वेअर डीलसारखा, स्वतःच्याच डाय मागणारा प्रेस हा त्याला अपवाद.

म्हणून आठवड्याला शंभरेक काडतुसं आणि तीही तीन-चार प्रकारची लागत असतील, तर मी टरेट घ्या म्हणेन. एकाच प्रकारची महिन्याला हजारावर लागत असतील तरच प्रोग्रेसिव्ह. तो घेतलात तरी पहिले काही दिवस प्लेटवर एकच पुंगळी ठेवून ती सगळ्या जागांवरून न्या. पावडर कुठे पडते, दांडा कुठे जड होतो, प्रायमर नीट बसल्याचा ठोका हाताला कसा लागतो हे ओळखीचं झालं की मग दुसरी पुंगळी चढवा.